चेकरसाहेबांचा गळा

चेकरसाहेबांचा कुणावरच विश्वास नव्हता. एसटीत तिकीट तपासण्यात त्यांची हयात गेली. आधी प्रवाशाच्या डोळ्यांत बघायचे, मग तिकिटाकडे. मी त्यांच्याच डेपोत कंडक्टर आणि सोलापुरात त्यांचा शेजारी. तरी टेंभुर्णीच्या फाट्यावर माझी गाडी तपासताना त्यांनी कधी ओळख दाखवली नाही.

सत्तर सालानंतर त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं, मग विजेचे शेक, म्हणजे किरणोपचार. कर्करोगातून जीव वाचला, पण हनुवटीखाली सूज राहिली. इस्पितळातल्या नर्सबाईंनी घरी करायचा व्यायाम शिकवला. लांब श्वास घ्यायचा, खांदे फिरवायचे, मान सावकाश वळवायची आणि बोटांनी गळ्याची कातडी हलकेच काखेकडे सारायची.

"एवढ्या हलक्या हातानं सूज उतरती व्हय? बाई फसवतीया," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले.

त्यांनी बाईंचीच तपासणी आरंभली. रोज दोनदा दोऱ्यानं गळा मापायचे. सूज सकाळी जास्त आणि दुपारी कमी, हे त्यांना पटेना. "दोरा बदललीस का?" त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना विचारलं.

"माझ्या गळ्याला बांधा की तो!" वहिनी भडकल्या.

मग त्यांनी मुद्दाम आठ दिवस व्यायाम बंद ठेवला. गळा टम्म फुगला, घास उतरेना. नवव्या दिवशी कट्ट्यावर बसून गुपचूप मान वळवायला लागले. "बाई खोटं बोलली न्हाय," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाची याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही.

रोज बोटं फिरवून आपला गळा त्यांना पाठ झाला. एका दुपारी त्यांनी माझं बोट धरून कानाखाली टेकवलं. "सूज मऊ असती. हे टणक हाय." मला काही कळलं नाही. डॉक्टरही म्हणाले, जुनीच सूज आहे. साहेब इस्पितळातल्या बाकावरून हलले नाहीत. "तुकडा काढून तपासा. तवर मी हितंच बसतो."

रोग परत आला होता, पण वाटाण्याएवढाच. लगेच काढला.

त्यानंतर दर मंगळवारी ते इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून नव्या रोग्यांना व्यायाम दाखवत. विणकरांच्या वस्तीतल्या एका बाईनं विचारलं, "काका, यानं खरंच उतरतंय का?"

"माझ्यावर विश्वास ठिवू नका," साहेब म्हणाले. "आठ दिवस करून बघा."

त्याच आठवड्यात ते झोपेतच गेले, हृदय थांबलं. ती बाई पुढच्या मंगळवारी व्हरांड्यात थांबून थांबून पत्ता विचारत घरी आली. वहिनींनी बातमी सांगितली. मग डोळे पुसले, तिला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "कर बघू. बरोबर करतीस का बघते."