शिडी नेताना पाठीवर पडणारा हात

मागच्या मंगळवारी कबनूरला आमच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये शिडीचं टोक माग चालवणाऱ्या संपतदादांच्या डोळ्याजवळ चाटून गेलं... आणि ती शिडी तशी न्यायचा नियम मी केला होता.

मी गडमुडशिंगीहून रोज गाडीवरून कबनूरला जाते, एका कापड कारखान्यात ऑफिसचं काम बघते. माल घेणाऱ्या कंपनीचं ऑडिट जवळ आलं, तसं मालकांनी सेफ्टीचे नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मला तर हुरूपच आला.

आमच्याकडे शिडी सारखी फिरती असते. छताला चिकटलेला कापूस झाडायचा, नाहीतर ट्यूब बदलायची. जुनी लाकडी शिडी चांगलीच जड... पुढे बाबूमामा, म्हणजे आमचे माग दुरुस्त करणारे जॉबर, आणि मागे त्यांचा जोडीदार रफिक. शिडी निघाली की ही दोन माणसं दुसऱ्या कामाची राहत नाहीत.

म्हणून मी हलकी अॅल्युमिनियमची शिडी मागवली. नियम लिहिला की शिडी एकट्याने न्यावी आणि वळणावर 'शिडी आली' असं मोठ्याने ओरडावं. बोर्ड लॅमिनेट करून दारावर लावला. बाबूमामांनी तो वाचला आणि नुसते हसले... मला वाटलं, आवडला.

आता मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे ओरडलेलं कोण ऐकणार? पण हे ऑफिसच्या पंख्याखाली बसून सुचायला हवं ना!

मंगळवारी दुपारी रफिक नवी शिडी खांद्यावर आडवी घेऊन एकटाच आत गेला. संपतदादा वाटेकडे पाठ करून, वाकून तुटलेला धागा जोडत होते. रफिक पुढे सरकला, दादा उठत वळले, आणि शिडीचं मागचं टोक त्यांच्या भुवईवर बसलं. चष्मा उडाला, थोडं रक्त आलं. बोटभर खाली बसलं असतं तर... तो विचार अजूनही अंगावर येतो.

त्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. मग चौकशी करायची म्हणून मी सगळ्यांना चहाला बाहेर बोलावलं. मला वाटलं होतं, एक जण दुसऱ्यावर ढकलणार. झालं भलतंच.

रफिक म्हणाला, "मी पाठीवर थाप दिल्ती, इचारा त्यास्नी." आणि भुवईला पट्टी लावलेले संपतदादा मान डोलावत म्हणाले, "दिली की. म्हणून तर वळलो!"

घ्या! दोघंही खरं बोलत होते... मग शिडी लागली कशी?

ती थाप मी दारातून कितीतरी वेळा बघितली होती. शिडी घेऊन जाताना ही माणसं मागावरच्या प्रत्येकाच्या पाठीवर हात टाकत जातात. मी आपली समजत होते, काय छान दोस्ती आहे यांची! बायका सुताच्या कांड्या भरतात त्या बाजूला मात्र असं काही नाही, तिकडे आधी मशीन बंद करतात आणि मगच शिडी नेतात. याचंही कारण मी कधी विचारलं नव्हतं.

शेवटी बाबूमामांनी कप खाली ठेवला. "मॅडम, थाप पडली ते खरं हाय. पर हात कुणाचा?"

मग उलगडा झाला. शिडीच्या पुढे नेहमी मामा. त्यांचा हात पडला की समजायचं, शिडी आली, जागचं हलायचं नाही. मागे नेहमी रफिक. त्याचा हात पडला की शिडी गेली, आता खुशाल वळा. बायकांच्या पाठीवर हात टाकता येत नाही, म्हणून तिकडे मशीनच बंद. मंगळवारी रफिकने थाप दिली ती 'थांबा' म्हणून... आणि दादांच्या पाठीला कळलं, 'गेली'.

पण बघितल्याशिवाय हात कुणाचा ते कसं कळतं? माझ्या प्रश्नाचं संपतदादांनाच नवल वाटलं. "घरात पाऊल वाजलं की कोण आलं कळतंय न्हवं? तसंच."

मी मामांना जरा रागानेच विचारलं, बोर्ड वाचला तेव्हाच का नाही सांगितलंत? ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही इचारलासा कुठं?"

ते लागलं मला. लागायलाच हवं होतं... नियम करताना मी इंटरनेट धुंडाळलं, शिड्यांचे दर काढले, पण रोज शिडी उचलणाऱ्या माणसाला दोन मिनिटं बसवून काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामांना शेजारी बसवून बोर्ड नव्याने लिहिला. हलकी असली तरी शिडी दोघांनीच न्यायची, पुढचा आणि मागचा ठरलेला. दोघांपैकी एक रजेवर असेल तर त्या ओळीचे माग बंद करूनच शिडी आत. मामा सांगताना सारखे अडत होते... इतकी वर्षं केलेलं हे काम त्यांनी कधी शब्दांत सांगितलंच नव्हतं.

भुवईला पट्टी लावून संपतदादा दोनच दिवसांत कामावर आले. मी आत त्यांच्या मागाजवळ गेले आणि म्हटलं, "चुकलं माझं, दादा." त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. पण मागावरच्या माणसांना ओठ वाचता येतात, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसते ओठ हलवून म्हणाले, "डोळा हाय की अजून!"

मला रडूच आलं. तो डोळा वाचला याबद्दल आभार कुणाचे मानायचे, ते मला अजून कळलेलं नाही.