कूलरमधला होला

नंदनवन वस्तीतल्या एका गल्लीत कृष्णकांत देशकरांना सगळे 'सायंटिस्ट' म्हणत. ती थट्टा आहे हे एकट्या कृष्णकांतांनाच कळत नसे. त्यांच्या बायकोला, नीलाबाईंना, पूर्वी त्याची लाज वाटे. आता मनातल्या मनात हसणाऱ्यांत त्याच सगळ्यांत पुढे होत्या.

उभा जन्म या माणसानं सरकारी कचेरीत आवक-जावक बघितली. तेवढ्या काळात कधी कुंडीला तांब्याभर पाणी घातलं नाही, की तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळाला हात लावला नाही. निवृत्तीनंतर मोबाइल हाती आला आणि घरात निसर्ग अवतरला. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, फुलपाखरू पायांनी चव घेतं. वोम्बॅट नावाच्या प्राण्याची लेंडी चौकोनी असते, हे तर त्यांनी मावसभावाच्या तेरवीत, पंगत बसलेली असताना सांगितलं. शेजारच्यानं उचललेला वडा पानात परत ठेवला. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मनाशी म्हणत नीलाबाई वाढत राहिल्या.

यंदा मे महिन्यात त्या खिडकीतला कूलर सुरू करायला गेल्या, तर आत होल्याचं, त्या कबुतरासारख्या पाखराचं, घरटं. चार काड्या आणि त्यावर दोन अंडी. घरात कूलर तेवढा एकच. कृष्णकांतांनी प्लगच काढून ठेवला, पिल्लं उडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणाले, आणि रोज गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकू लागले. अंडी फेकावीत असं नीलाबाईंच्याही मनात आलं नव्हतं. तोवर भाड्यानं दुसरा कूलर आणा, एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर त्यांना वाळवंटातल्या उंदराचा दाखला मिळाला, जो पाण्यावाचून जन्म काढतो. दाखला देणारे स्वतः मात्र जेवण झालं की वाचनालयाच्या एसीत जाऊन बसत.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस. नीलाबाईंची पाठ घामोळ्यांनी भरली, रात्री डोळ्याला डोळा लागेना. एका दुपारी ओट्याशी घेरी आली. फोडलेला कांदा नाकाशी धरून त्या फरशीवर बसून राहिल्या. घरात हाक मारायला कुणी नव्हतं. त्यांना रडू आलं नाही, नवऱ्याची किळस आली.

संध्याकाळी तो ताजातवाना परतला आणि चपला काढायच्या आधीच सुरू झाला.

"नीला, माहीत आहे का तुले? होल्यात दिवसभर अंड्यावर नर बसते. मादी सकाळीच उडून जाते चरायले. चार वाजेपर्यंत नर हालत नाही वं."

"एवढ्या उन्हात?"

"मंग! जबाबदारी असते ते."

नीलाबाईंनी माहेरी, खाप्याला, भावाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णकांत चहासाठी बाहेर आले, तर फाटकाशी ऑटो उभा आणि बायकोच्या हातात बॅग. कुठं चालली, काहून चालली, स्वयंपाकाचं काय, त्यांनी एका दमात विचारून टाकलं.

"खाप्याले," नीलाबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मीच बसली घरी. आता तुम्ही बसा. वाचनालयात जाऊ नका, घर राखा."

कृष्णकांत बनियनवर फाटकापर्यंत आले. ऊन आत्ताच अंगाला चावत होतं.

"चारले येशील ना वं?"

"ते पाखराची जात आहे, येते बिचारी," नीलाबाई म्हणाल्या आणि ऑटोत बसल्या.