दोन दम कमी

माझ्या थोरल्या साडूंइतका जपून जादू करणारा माणूस या पृथ्वीवर झाला नसेल. बाकी कशात ते जपणारे नव्हते. राईस मिलमध्ये फिटर होते आणि चालत्या पट्ट्याजवळ हात घालू नका, हे त्यांना दर हंगामात नव्याने सांगावं लागे. पण नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांनी नागपूरच्या रद्दीतून बिनकव्हराचं एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं आणि डिक्शनरी घेऊन दोन वर्षांत त्याचं मराठी केलं. एका खेळाचे नियम होते ते. एकाने जग सांभाळायचं, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. जग सांभाळायला त्यांनी मला नेमलं. म्हणाले, "तुमी मोजणी खात्यातले. सख्ख्या भावाचा बांध सरकला तरी सांगान. जग तुमच्याकडं राहू द्या, साडभाऊ."

दर दुसऱ्या रविवारी मी गोंदियाहून गोरेगावला त्यांच्या ओसरीवर जात असे. शाळेचे एक मास्तर योद्धा होत, दवाखान्यातले कंपाउंडर चोर होत आणि साडू मांत्रिक. मांत्रिकच, जादूगार म्हटलेलं त्यांना चालत नसे, कारण जादूगार मंडईच्या जत्रेत तंबू ठोकून रुमालाचं कबूतर करतो. प्रत्येक मंत्राला मांत्रिकाचा दम खर्च व्हायचा, आणि स्वतःचा दम संपला तर अंगाला टेकलेल्या, दम साठवणाऱ्या दगडी गोट्यांतला वापरायचा. गोटा अंगालाच हवा, एवढंच पुस्तकात होतं. तो अंगावर नेमका कुठे, यात साडूंची सारी बुद्धी लागली. सगळे गोटे एका पिशवीत ठेवणारा मांत्रिक त्यांना घराची किल्ली दारालाच टांगून गावाला जाणाऱ्यासारखा वाटे. त्यांच्या मांत्रिकाचा एक गोटा करदोड्यात, एक पागोट्यात, एक उजव्या मुठीत आणि सगळ्यात लहान तोंडात. मी हरकत घेतली, की तोंडात गोटा असताना मंत्र म्हणता येणार नाही. पुढचे चौदा दिवस साडू गालात खडा ठेवून मिलमध्ये गेले. मालकाला वाटलं, तोंडावरून वारं गेलं. रविवारी त्यांनी तो खडा तोंडात ठेवूनच मला बे ते तीस पाढे म्हणून दाखवले. एकोणतीसला अडखळले, पण ते खड्याशिवायही अडखळत. मला परवानगी द्यावी लागली.

गोटा दिवसाला एक दम भरतो, हा नियम सोपा होता. त्याच्या खालचा अवघड होता: दोन गोटे सहा हातांच्या आत असले तर त्यातला मोठाच भरतो, लहान उपाशी राहतो. म्हणून साडूंनी खरेच नदीतले चार गोटे आणले आणि चार वेगवेगळ्या घरी ठेवले. चार दमांचा स्वतःकडे, पाच दमांचा चिचगडला मित्राकडे, सहाचा आमच्याकडे, आणि नऊ दमांचा सर्वांत मोठा केशोरीला त्यांच्या म्हाताऱ्या मावशीकडे. मोहिमेआधी मोटारसायकलवर हिंडून गोळा करायचे, नंतर परत पोचवायचे.

"भाऊजी, यानं लोणचं दाबू का?" माझ्या बायकोने विचारलं.

"दाबा. पण जागचा हलवू नोका. भरून राहिला तो."

सहा वर्षं असं चाललं. आमच्याकडे आले, की ते पाण्याआधी स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या फळीकडे बघत.

मग मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गोंदियाला झालं आणि त्या दहा दिवस आमच्याकडे राहिल्या. त्या सोमवारी आल्या, आणि आदल्याच दिवशी खेळात चारही गोटे रिकामे झाले होते. मावशी पुढच्या आठवड्यात बुधवारी परत जाताना मी त्यांची पिशवी भरली, तर उशीखालून नऊ दमांचा गोटा निघाला.

"मावशी, हा कायले आणला जी?"

"घर बंद. एकटा कसा ठेवू त्याले? पोरानं भरोशानं देला हाय."

त्यांची खाट ज्या भिंतीला लागून होती, तिच्या पलीकडेच लोणच्याची फळी. मावशींना बसमध्ये बसवून आल्यावर मी टेप काढला. भिंतीसकट साडेतीन हात.

रविवारी साडूंनी गोटे गोळा करून आणले. खेळात पूल तुटला, खाली पूर, आणि मांत्रिक, योद्धा, चोर तिघेही मधल्या खडकावर. मांत्रिकाच्या अंगात दम उरला नव्हता. एकाला पलीकडे उचलायला आठ, तिघांना चोवीस. साडूंनी गोटे ओळीने मांडले. "चार, पाच, नऊ, सहा. चोवीस. बराबर जमलं."

मला गप्प बसता आलं असतं. ते फक्त मलाच माहीत होतं. मी मावशींची उशी, भिंत, साडेतीन हात, सगळं सांगितलं. आमचा गोटा बुधवारपासूनच भरत होता. त्यात चारच दम होते. एकूण बावीस.

"दोन दमासाठी कायले मारता बुढ्या मांत्रिकाले?" कंपाउंडर म्हणाले. मास्तरही म्हणाले, "भिंत होती ना मंधात." पुस्तकात भिंतीचं काही नाही, असं मी म्हणालो.

साडूंनी आधी मास्तरांना पलीकडे ठेवलं, मग कंपाउंडरना. उरलेले सहा दम त्यांनी तसेच राहू दिले. "लिहा साडभाऊ," एवढंच म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले. मांत्रिक पुरात गेला, असं मी लिहिलं. त्यानंतर मास्तरांची बदली झाली, मिलमध्ये हंगाम लागला, आणि तो खेळ पुन्हा मांडला गेला नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या भाषांतराच्या वह्या मी जपून ठेवायला आणल्या. पहिल्या वहीचं पहिलं पान मी कधीच वाचलं नव्हतं, कारण त्यात आकडे नव्हते. त्यांच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलेलं होतं, की नियमाने खेळच मरत असेल तर जग सांभाळणाऱ्याने तो नियम बाजूला ठेवावा. तो अधिकार त्याचाच आहे.

मी वही घेऊन गोरेगावला गेलो. "हे तुमाले मालूम होतं?"

"मीच लिवलं ना जी."

"मग त्या दिवशी बोलले काऊन नाही?"

त्यांनी वहीची शिवण चाचपली. "तुमाले देता येत होतं. मले मागता येत नव्हतं."

आता ते आले, की पाणी पितात, धानाचं बोलतात आणि निघतात. फळीकडे बघत नाहीत. गोटा तिथेच आहे. त्याच्या सहा हातांत दुसरा दगड नाही, मी मोजलं आहे. परवा दारात मी त्यांना तसं सांगितलं, की साडभाऊ, सहाच्या सहा दम भरलेले आहेत.

चपला घालता घालता ते म्हणाले, "असू द्या. लोणचं तं दबून राहिलं ना."