आज तळ्याचा नळ बंद ठेव

पाणीपुरवठ्याच्या केंद्रात त्याला सगळे तुरटी म्हणत. तुरटी फिरवली की गाळ मुकाट्याने तळाशी बसतो; हा खोलीत शिरला की गप्पांचं तसंच व्हायचं. गावाच्या पाण्यात क्लोरीन किती सोडायचा, हे बघण्यात त्याची उभी हयात गेली. त्या वासाने नाक मेलं होतं, गुडघे कुरकुरत होते आणि महिनाअखेरीला तो निवृत्त होणार होता. निरोपसमारंभ नको म्हणून त्याने आधीच सांगून टाकलं होतं. भाषणं ऐकण्यापेक्षा तेवढ्यात एक झोप झालेली काय वाईट?

सख्खी बहीण त्याच गावात, टेकाडावरच्या वडिलांच्या घरात एकटी राहायची, पण दोघांचा कित्येक वर्षांचा अबोला. वडिलांच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी बजावलं होतं, तोंडाने पाण्याचा थेंब द्यायचा नाही. म्हातारा सारखा पाणी मागत होता. ताई ग्लास घेऊन आली आणि याने तो तिच्या हातातून काढून घेतला. नियम म्हणजे नियम. म्हातारा ऑपरेशनमधून परत आलाच नाही. ताई एवढंच म्हणाली, "गावाला पाणी पाजतोस आणि बापाला घोटभर दिलं नाहीस." त्यानंतर बोलणं संपलं. डॉक्टर बरोबर होते, तोही बरोबर होता. पण बरोबर असलेल्या माणसाला झोप लागतेच असं कुठे आहे?

अबोल्यात एकच फट राहिली होती, ती माशांची. वडिलांनी मागच्या अंगणात लहानसं तळं बांधून सोनेरी मासे सोडले होते. घरच्या टाकीला असतो तसाच बॉलकॉक तळ्यालाही बसवला होता; पाणी उतरलं की नळ आपोआप सुरू व्हायचा. क्लोरीनच्या रोजच्या डोसाचं पाणी थोडं थोडं येतं, मासे ते निभावून नेतात. पण मोठा पाइप फुटला की घाण आत शिरते, मग डोस वाढवावा लागतो. माणूस फार तर नाक मुरडतो, माशांचे मात्र कल्ले भाजून निघतात.

वडील गेल्यावर पहिल्यांदा पाइप फुटला तेव्हा त्याला आधी ते तळं आठवलं. बोलायची सोय नव्हती. त्याने ताईला दोन रिंग दिल्या आणि फोन ठेवला. पाइप फुटल्याची बोंब गावभर झालेलीच होती. ताईला काय ते कळलं असावं. थोड्या वेळाने तिची एक रिंग आली आणि बंद झाली. तेव्हापासून हेच चालत आलं. त्याच्या दोन रिंग म्हणजे नळ बंद ठेव, तिची एक म्हणजे ठेवला.

त्या दिवशी बाजारामागचा पाइप फुटला. सकाळी दुरुस्ती उरकली, साहेबांनी डोस वाढवायला सांगितला. तुरटीने दोन रिंग दिल्या. उत्तर नाही. त्याने चहा घेतला, पुन्हा दोन रिंग दिल्या. तरी नाही. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने फोन पूर्ण वाजू दिला. कोणी उचलला नाही.

ताई पडली-बिडली तर नसेल? आणि मासे? दुपारपर्यंत हे पाणी टेकाडावर पोचणार होतं. मासे गेले तर पुढे ताईला रिंग तरी कशाच्या नावाने द्यायची, हा विचार त्याला बसू देईना. प्रयोगशाळेत क्लोरीन मारायला वापरतात ते पांढरे खडे त्याने पुडीत बांधून घेतले आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. तुरटी रजा मागतोय म्हटल्यावर साहेबांनी कारणही विचारलं नाही.

चढ चढता चढता त्याचा जीव मेटाकुटीला आला. दर वळणावर तो थांबे, गुडघ्यांना शिव्या घाली आणि पुढे निघे. मागच्या अंगणात पोचला तर ताई तळ्याच्या काठावर शेंगा सोलत बसली होती. शेजारी फोन. पाण्यात मासे मजेत फिरत होते.

"आधी नळ बंद कर," तो धापा टाकत म्हणाला.

ताईने नुसती हनुवटी वळवली. तळ्याच्या पाइपाच्या तोंडाला बूच होतं आणि बुचावर गंज. भिंतीशी दोन उघडी पिंपं उन्हात उभी होती. पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवायचं, वास उडाला की बादलीने तळ्यात सोडायचं, असं तिने सांगितलं. बॉलकॉक म्हणे बाबा गेले त्याच वर्षी गळायला लागला, तेव्हाच काढून टाकला.

तो मटकन खाली बसला. "मग मी इतकी वर्षं रिंग कशाला देत होतो?"

"ते तुला माहीत. मी परत कशाला देत होते ते मला माहीत."

"आज का नाही दिलीस मग?"

ताई शेंगा सोलत राहिली. "महिनाअखेरीला रिटायर होतोयस. तुझं वय मला सांगू नकोस, कडेवर खेळवलंय तुला. पुढे पाइप फुटला तर रिंग कोण देणार होतं?" मग आवाज उतरला. "म्हटलं, बघावं येतोस का."

त्याला राग आला होता. ऊन, चढ, गुडघे, सगळं सुनावायचं होतं. पण रागवायचंही त्राण उरलं नव्हतं, आणि डोळे भरून आले होते ते वेगळंच.

"ताई, थोडं पाणी दे."

तिचे हात थांबले. "डॉक्टरांना विचारलंस का?"

"तेव्हाही द्यायला हवं होतं मी," तो म्हणाला.

ताई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि नळाचा ग्लास भरून घेऊन आली. पाण्याला त्याच्याच हातच्या डोसाचा वास होता. मेलेल्या नाकालाही तो आज कळला. तो सगळा ग्लास प्यायला.

"अजून देऊ?" ताईने विचारलं.

त्याने ग्लास पुढे केला.