बुजरी कालवड आणि धाकटी जाऊ

इंदापूरकडच्या एका शेतकऱ्याकडून आम्ही ती कालवड आणली, तेव्हा तिला माणसाचा हात ठाऊकच नव्हता. मोकळ्यावर वाढलेली. गोठ्यात कुणी पाऊल टाकलं की भिंतीला चिकटायची, आणखी पुढं गेलं की लाथ. सासरे म्हणाले, "मारून न्हाय चालायचं. हिला माणसाची सवय लावाय पायजे." ते काम मी मागून घेतलं.

उसातून आले की पेंडीचं घमेलं घेऊन मी गोठ्यात बसायची. आधी लांब, मग थोडं जवळ. काठीला गोणपाट गुंडाळून तिच्या पाठीवरून फिरवायची. पावसाळा सरता सरता ती घमेल्यात तोंड घालायला लागली, पण माझा हात वर झाला की डोळे पांढरे करून मागं सरायची. तरी मला वाटायचं, ही आता माझी होत आलीय.

दिवाळीला धाकटी जाऊ आली. दीर माळेगावला कारखान्यात असल्यामुळं ते तिकडंच राहतात. आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून आईशी बोलायला ती गव्हाणीच्या कठड्यावर जाऊन बसायची. एकदा मी वैरण घेऊन गेले तर कालवड तिचा खांदा चाटत होती. जाऊ मागं न बघताच, फोनवर बोलत बोलत, तिच्या गळ्याखाली खाजवत होती.

मी वैरण तिथंच टाकली. त्या दिवशी माझ्या सगळ्या भाकरी करपल्या.

दुसऱ्या दिवशी दोरीवरचा जावेचा गाऊन अंगात घालून मी गोठ्यात गेले. कालवड जवळ आली, बाही हुंगली, आणि मी "ये" म्हणताच उधळली. मागं वळले तर दारात जाऊ. ती हसली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

"ताई, तुमी तिच्याकडं टक लावून बघता," ती म्हणाली. "मी नवी आले तवा तुमी माझ्याकडंबी असंच बघायच्या. माझ्या हातनं भांडी पडायची."

"तुला काय," मी म्हणाले, "पाव्हण्यासारखी येतीस अन् जातीस."

पुढं ती कालवड व्याली. वासरू पिऊनही दूध उरायचं, आणि मला ती कासेला हात लावू देईना. कास दगडासारखी झाली. सासरे म्हणाले, "धाकटीला फोन लाव."

"डॉक्टरला बोलवू की."

"डॉक्टर आज यील. रोज धार कोण काढणार?"

फोन मलाच करावा लागला. दुपारी ती स्कूटीवर आली. गाईच्या तोंडाशी उभी राहून तिला माळेगावच्या गप्पा सांगायला लागली, शेजारीण कशी भांडते, नळाला पाणी कसं येत नाही. मी बादली घेऊन कासेशी मान खाली घालून बसले. कुणाकडंच बघितलं नाही. गाईनं पान्हा सोडला, बादलीत धार वाजली, आणि मला रडू आलं. ते आनंदाचं नव्हतं.

आता धार रोज मीच काढते, तशीच खाली बघून. गाय गप उभी राहते. पण स्कूटीचा आवाज आला की वैरण सोडून दाराकडं तोंड करते. मग मी खुरपं घेते आणि रानात निघून जाते.