लाल पंपाजवळचं हसू

यवतमाळकडच्या एका गावात लाल रंगवलेला हातपंप दिसला. रंग सणासुदीचा असेल, असं समजून मी घटाघटा पाणी प्यायलो, बाटली भरून घेतली आणि वर चवीचं कौतुकही केलं.

"भाऊ, थुका ते! फ्लोराइड हाय त्यात, म्हणून तं लाल रंगवला. दात खराब करते, हाडं वाकवते," वाटेनं जाणारी घागरवाली बाई ओरडली. उरलेला घोट माझ्याच सदऱ्यावर सांडला.

ती हसली, पण डागाळलेले दात पदराआड लपवून. सोबतची तिची लेक मात्र तोंडभर हसली. पुढचे दोन नवे दात पांढरेशुभ्र.

माणसाला हसू झाकायला लावणारं पाणी दिसायला किती नितळ असतं!

"हिले दूरच्या विहिरीचंच पाजतो. सासू म्हणते, दारचा पंप सोडून कोसभर कायले मरतं? म्हणू दे."

घागर कमरेवर घेऊन ती चालू लागली. मीही बाटली रिकामी करून मागोमाग निघालो.