परमेश्वरचा लिपिड रिपोर्ट

लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या साठतात, तसे किस्सेही साठतात. नळ्या संध्याकाळी टाकून देता येतात, किस्से कुठं टाकायचे? अंबाजोगाईतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी आणि सलीमभाई बावीस वर्षं हेच गोळा करतोय.

एकदा एक पुढारी आले. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, भरमसाठ! म्हणाले, "तेल बंद, तूप बंद. बसल्यावर चकण्याला अंडी घेतो, ती पण पिवळं काढून!"

आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणि ग्लासात काय असतं?"

"ते तर पातळ असतं की!"

दारू पोटात गेली की लिव्हर जास्तीची चरबी तयार करून रक्तात सोडतं, हे समजवायला डॉक्टरांना अर्धा तास लागला.

एका दुकानदारानं महिनाभर दारू सोडली. आकडा निम्म्यावर! आनंदानं सलीमभाईंना मिठीच मारली. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासलं, तर आकडा परत पहिल्याच जागी.

"कावून वो?" सलीमभाईंनी विचारलं.

"रिपोर्ट चांगला आला म्हणून मित्रांना पार्टी दिली. मग त्यांनी मला दिली!"

परमेश्वर मात्र वेगळा. घाटनांदूरचा, ट्रॅक्टर चालवतो. पहिल्यांदा त्याचं रक्त मशीनमध्ये फिरवलं, तर वरचं पिवळसर पाणी दुधासारखं पांढरं! सलीमभाईंनी नळी त्याच्यासमोर धरली.

"आमच्या म्हशीचं बी इतकं घट्ट न्हाई!" तो म्हणाला. आम्ही हसलो. तोही हसला, मग नळीकडं बघत म्हणाला,

"सुनीता असती तर लई बोलली असती."

सुनीता त्याची बायको. त्याच्या पिण्याला कंटाळून पोरीला घेऊन नांदूरघाटला (नाव उलटं, गाव वेगळं) माहेरी गेली होती.

त्या दिवसापासून त्यानं सोडली. दर तीन महिन्यांनी तपासायला यायचा आणि रिपोर्ट माझ्या फोनवरून सुनीताला पाठवायला लावायचा. त्याचा नंबर तिनं ब्लॉक केला होता.

मी एकदा म्हणालो, "परमेश्वर, चरबी उतरली म्हणजे दारू सुटली, असं सिद्ध होत नाही."

"ठाऊक हाय. पण माझं बोलणं तिला खरं वाटत न्हाई. कागद तरी वाचंल."

दोन निळ्या खुणा यायच्या. उत्तर कधीच नाही.

"वाचलं का?"

"वाचलं."

"मग बरं," म्हणायचा आणि तरीही बाकावर तासभर बसून राहायचा.

परवा पुन्हा आला. बारा तास उपाशी राहून सकाळी रक्त दिलं, मग समोरच्या हॉटेलात दोन प्लेट पोहे हाणले. दुपारी रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल! मी नेहमीसारखा सुनीताला पाठवला.

फोन लगेच वाजला. दीड वर्षातला तिचा पहिला मेसेज.

'रात्रीपासून उपाशी असतील. काही खाल्लं का त्यांनी?'

मी फोन परमेश्वरसमोर धरला. त्यानं तीनदा वाचलं. मिशीला शेव चिकटली होती, ती पुसली.

"काय कळवू?" मी विचारलं.

"कळवा," तो हळूच म्हणाला, "अजून न्हाई खाल्लं."